तज्ज्ञ म्हटलं की लोक कान का बंद करतात?

पाऊलखुणा

परवा रात्री वडील बातम्या बघत होते. पडद्यावर सहा चौकटी, सहाही जण एकाच वेळी बोलतायत आणि प्रत्येकाच्या नावाखाली काही ना काही लिहिलेलं: संरक्षणतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ, राजकीय विश्लेषक. दहा मिनिटांनी वडिलांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "सगळे विकले गेलेत." मी काही बोललो नाही. त्या चर्चेबद्दल माझंही मत फारसं वेगळं नव्हतं.

काल सकाळी औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांची पट्टी सापडली. डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी लिहून दिलेली, एकही गोळी न काढलेली. विचारलं तर तेच वाक्य, तसंच्या तसं. "सगळे विकले गेलेत."

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. चौकटीत बसून ओरडणाऱ्या माणसावरचा राग, ज्या डॉक्टरांनी वडिलांना वीस वर्षं तपासलंय त्यांच्यावर कसा उतरला? दोष तज्ज्ञांचा, माध्यमांचा, राजकारण्यांचा की आपला? अनुभव असतील तर सविस्तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

ठाममत

दोष ऐकणाऱ्यांचा. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. लोकांना तज्ज्ञ नको असतो, आपलीच री ओढणारा हवा असतो. मनासारखं बोलला तर विद्वान, विरुद्ध बोलला तर विकला गेलेला. अपेंडिक्स फुटायची वेळ आली की हेच लोक बरोबर सर्जनकडे धावतात.

जान्हवी

ठाममत, लोक आपोआप असे होत नाहीत. त्यांना तसं बोलायला शिकवलं जातं. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, प्रचारात, जून २०१६ मध्ये, तेव्हाचे ब्रिटिश मंत्री मायकेल गोव्ह टीव्हीवर म्हणाले होते की या देशातल्या लोकांना आता तज्ज्ञांचा वीट आलाय. मंत्रीच असं म्हणायला लागल्यावर सामान्य माणूस काय करणार? ज्याला आकडे अडचणीचे असतात, तो आकडे मांडणाऱ्यालाच बदनाम करतो.

उलटतपासणी

जान्हवी, ते वाक्य तुम्ही अर्धंच दिलंत. तुमची चूक नाही, जगभर ते अर्धंच फिरलं. गोव्ह बोलत असताना मुलाखतकाराने मध्येच अडवलं आणि तोडलेला तुकडा प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा होता: आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थांमधले तज्ज्ञ, जे तुमचं भलं कशात आहे ते आम्हालाच कळतं असं सांगतात आणि सातत्याने चुकतात, त्यांचा वीट आलाय.

गोव्ह यांचं राजकारण मला पटत नाही. पण ‘सातत्याने चुकतात’ या शब्दांना लोकांनी मान का डोलावली, ते बघायला हवं. नोव्हेंबर २००८ मध्ये राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या होत्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला: एवढं मोठं आर्थिक संकट, ते आधी कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? जुलै २००९ मध्ये ब्रिटिश अकॅडमीने त्यांना पत्राने उत्तर पाठवलं. पुष्कळ हुशार माणसांची सामूहिक कल्पनाशक्ती कमी पडली, अशी कबुली त्यात होती. पत्र प्रामाणिक होतं, पण तोवर लोकांची घरं आणि नोकऱ्या जाऊन झाल्या होत्या.

मग मे २०१६ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं की बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलंत तर लगेच मंदी येईल. त्या वर्षी मंदी आली नाही. व्यापाराचं दीर्घकाळ नुकसान होईल हा अर्थशास्त्रज्ञांचा मुख्य मुद्दा पुढे बराच टिकला, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते न आलेलं संकट.

चांदणवेल

वाचतेय. धागा चांगला आहे.

पडद्यामागे

पाऊलखुणा, तुमच्या वडिलांनी पाहिलेल्या त्या सहा चौकटी भरायचं काम मी सहा वर्षं केलंय, म्हणून लिहिते. वाहिनीचं नाव घेत नाही.

दुपारी चारच्या मीटिंगमध्ये रात्रीच्या चर्चेचा विषय ठरायचा. पावणेपाचपासून फोन. माझ्याकडे एक वही होती, विषयवार नंबरांची. नंबरापुढे मी खुणा करायचे: ‘मोकळा असतो’, ‘जोरात बोलतो’, ‘लगेच हो म्हणतो’. ‘विषय नीट माहीत आहे’ अशी खूण त्या वहीत नव्हती. कोणी मागितलीच नाही.

एकदा साथरोगाच्या विषयावर एका प्राध्यापिकेला फोन केला. तीस वर्षं त्याच विषयात काम केलेली बाई. त्या म्हणाल्या, "याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. दोन शक्यता आहेत, दोन्ही समजावून सांगायला सात-आठ मिनिटं लागतील." मी पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षात, विचारलं. उत्तर आलं, "सात मिनिटं कोणाला देणार? हो किंवा नाही बोलणारा आण." मी त्यांना नंतर फोन करते म्हणाले आणि केला नाही. त्या जागी जे गृहस्थ बसले ते आदल्या आठवड्यात सीमाप्रश्नावर बोलले होते. नावाखालची पट्टी बदलायला ग्राफिक्सवाल्याला अर्धं मिनिट लागलं.

तो न केलेला फोन मला अजून टोचतो. लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास उडाला म्हणतात, पण त्यांच्यासमोर तज्ज्ञ आम्ही येऊच दिले नाहीत.

गणिती

पडद्यामागे यांच्या वहीला पुरावा आहे. फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून सुमारे वीस वर्षं २८४ जाणकारांची राजकीय आणि आर्थिक भाकितं जमवली. ८२ हजारांहून जास्त. मग काय खरं ठरलं ते ताडून पाहिलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांची कामगिरी साध्यासुध्या ठोकताळ्यांपेक्षा फारशी सरस नव्हती, आणि माध्यमांत ज्यांचं नाव जास्त ते उलट जास्त चुकत होते. कारणही सरळ आहे. एका मोठ्या सिद्धांतात सगळं जग बसवून ठणकावून बोलणारा माणूस टीव्हीला आवडतो. ‘पण’, ‘मात्र’, ‘बहुधा’ म्हणणारा आवडत नाही, आणि नेमका तोच कमी चुकतो.

हे निष्कर्ष लांब पल्ल्याच्या राजकीय भाकितांपुरते आहेत. हाडांचा डॉक्टर एक्स-रे बघून जे सांगतो त्याला हे लागू नाही. घोटाळा इथेच होतो. आपण दोघांनाही ‘तज्ज्ञ’ हा एकच शब्द वापरतो.

बाळबोध

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नावावर एक किस्सा सांगतात. त्यांनी म्हणे एका हाताचा अर्थतज्ज्ञ आणा असं फर्मावलं, कारण सल्लागार येऊन "एका हाताने बघितलं तर असं, दुसऱ्या हाताने बघितलं तर तसं" सांगायचे. म्हणजे ‘पण’ आणि ‘मात्र’ यांचा कंटाळा जुनाच आहे.

मेघमाला

मी हवामान खात्यात काम करते (कुठल्या देशाच्या ते राहू दे). शिव्या खाण्यात आमचा नंबर नेहमी वरचा, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

आम्ही म्हणतो, उद्या पावसाची शक्यता ७०%. पाऊस पडला नाही की लोक म्हणतात, खातं चुकलं. पण आम्ही ७० म्हटलेल्या शंभर दिवसांपैकी साधारण तीस दिवस कोरडे जायलाच हवेत. शंभरही दिवस पाऊस पडला तर आमचं गणित चुकलंय. हे मी शेजाऱ्यांना, नातेवाइकांना कितीदा समजावलं असेल त्याला गणती नाही. बातमीत मात्र टक्का गळतो आणि उरतं, ‘उद्या पाऊस’.

तरी मला वाटतं, आमच्यावर लोकांचा मनातून विश्वास आहे. शिव्या देतात आणि सकाळी अंदाज बघूनच बाहेर पडतात. कारण आमचा हिशोब रोज होतो. आज बोललो, उद्या आकाश उत्तर देतं. चूक लपवायला जागाच नाही. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये बीबीसीवर मायकेल फिश यांनी वादळ येत नाहीये म्हणून हसत सांगितलं आणि त्याच रात्री दक्षिण इंग्लंडला वादळाने झोडपलं. त्यानंतर चौकशी झाली, निरीक्षणाची पद्धत सुधारली. टीव्हीवरच्या विश्लेषकाचा असा हिशोब कोण ठेवतं? मागच्या निवडणुकीला साफ तोंडघशी पडलेला माणूस पुढच्या निवडणुकीला त्याच खुर्चीत असतो.

ठाममत

मेघमाला, पटलं. पण मग लोकांनी राग विश्लेषकावर काढावा. लस टोचायला आलेल्या नर्सवर का?

रानवारा

ठाममत, कारण गोड बोलून फसवणारे अधिकृत खुर्चीवरही असतात.

इटलीतल्या लाक्विलात २००९ च्या सुरुवातीला महिनोन्महिने लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला भूकंपतज्ज्ञांची तिथे बैठक झाली. नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टीव्हीला सांगितलं की हे धक्के चांगलेच, ऊर्जा बाहेर पडतेय, काळजीचं कारण नाही. मग निवांत वाईन प्यायची का, असं विचारल्यावर तो ‘नक्कीच’ म्हणाला. त्या भागातली जुनी माणसं धक्का बसला की पांघरूण घेऊन चौकात रात्र काढत. यावेळी बरेच जण घरातच राहिले. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून जास्त माणसं गेली.

२०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभर मथळे आले, ‘भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात’. साफ चुकीचं. भाकीत करता येत नाही हे न्यायालयालाही माहीत होतं. आरोप होता खोटा दिलासा दिल्याचा. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन दोन वर्षांवर आली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? चौकात झोपायची ती रीत शहाणपणाची होती. लोकांना तज्ज्ञांनी अडाणी ठरवायची गरज नव्हती. ‘आम्हाला माहीत नाही, तुम्हाला बाहेर झोपावंसं वाटत असेल तर झोपा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

जान्हवी

रानवारा, वाचून सुन्न झाले.

सायली_ती

लिहू की नको असा विचार करत होते. रानवारांचं ‘अडाणी ठरवणं’ वाचलं आणि लिहायला बसले.

मला पंधराव्या वर्षापासून पाळीच्या दिवसांत इतकं दुखायचं की उभं राहता यायचं नाही. चार डॉक्टर झाले. एकाने ‘सगळ्यांनाच होतं’ म्हटलं. एकीने माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "अभ्यास टाळायला करतेय." शेवटच्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. सव्वीसाव्या वर्षी दुर्बिणीतून तपासणी झाली आणि एंडोमेट्रिओसिस निघालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढलेली, एक बीजकोश जवळजवळ निकामी. अकरा वर्षं मी स्वतःला खोटारडी समजत होते.

त्या अकरा वर्षांत माझं ऐकून घेतलं ते इंटरनेटवरच्या अनोळखी बायकांनी. त्यातल्या काहींचे सल्ले भयंकर होते, जडीबुटी, उपास, काय वाटेल ते. पण त्या ‘दुखतंय का गं?’ विचारायच्या. म्हणून ठाममत, लोक भोंदूंकडे अक्कल नसते म्हणून जातात असं नेहमीच नसतं. आधी दुसरीकडे कोणीतरी दार लावलेलं असतं.

ठाममत

सायली, माझा पहिला प्रतिसाद तुमच्यासारख्यांना लागला असेल तर माफ करा. ‘दोष ऐकणाऱ्यांचा’ हे मी फार घाईत लिहिलं.

डॉक्टर_भाऊ

सायलीताई, आमच्या व्यवसायाच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, पण वाईट वाटलं. आम्हाला दुखणं मोजायचं यंत्र नसतं, आणि जे मोजता येत नाही ते नाही असं समजायची खोड शिकतानाच लागते.

आता दुसरी बाजू. अविश्वास कधीकधी ठरवून पिकवला जातो. १९६९ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलेलं होतं की शंका हाच आपला माल आहे. सिगारेट सुरक्षित आहे हे सिद्ध करायची त्यांना गरजच नव्हती. ‘शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत’ एवढं लोकांच्या मनात राहिलं की काम भागत होतं. तसंच लसीचं. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला, वेकफिल्ड यांचा परवानाही गेला. आज २०१० ची ती बातमी कोणाला आठवत नाही, १९९८ ची भीती मात्र माझ्या केबिनमध्ये दर आठवड्याला येते.

आणि आमच्या चुका? फेब्रुवारी २०२० च्या अखेरीला अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य प्रवक्त्यांनी, जाहीर केलं की मास्क विकत घेऊ नका, सर्वसामान्यांना त्याचा उपयोग नाही. त्याच संदेशात पुढे होतं की आरोग्य कर्मचाऱ्यांना मास्क मिळाले नाहीत तर धोका आहे. पाच आठवड्यांत तिथल्याच सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सगळ्यांना कापडी मास्क वापरायला सांगितलं. तुटवडा आहे, आधी नर्सना द्या, हे सरळ बोलता आलं असतं. लोकांनी ऐकलं असतं असं मला वाटतं. न बोलल्याची किंमत पुढे लसीकरणात चुकवावी लागली.

पडद्यामागे

डॉक्टर, ‘मतभेद आहेत’चा कारखाना आमच्याकडेही होता. एका बाजूला हवामान शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला ‘हे सगळं थोतांड’ म्हणणारा, मध्ये सूत्रसंचालक. बघणाऱ्याला वाटणार पन्नास-पन्नास. बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना लेखी सांगितलं की समतोलासाठी हवामान बदल नाकारणारा आणायची गरज नाही. शनिवारचा सामना मँचेस्टर युनायटेडने २-० जिंकला, तो जिंकला नाही म्हणणाऱ्याला आपण बोलावत नाही, रेफ्रीने निकाल दिलेला असतो, असा त्यांचा दाखला होता. आमच्या कार्यालयात आम्ही तो छापून भिंतीवर लावला होता. आठवडाभर टिकला.

गणिती

मूळ प्रश्नातलं एक गृहीतक तपासू या का? जानेवारी २०२५ मध्ये ६८ देशांतल्या जवळपास ७२ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. शास्त्रज्ञांवर किती विश्वास, १ ते ५ मध्ये? सरासरी ३.६२ आली. म्हणजे मध्यापेक्षा बरीच वर. अमेरिकेत प्यू संस्थेच्या पाहणीत शास्त्रज्ञांवर बऱ्यापैकी विश्वास असणारे एप्रिल २०२० मध्ये ८७% होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७३% झाले, वर्षभराने ७६%. घसरण आहे, पण दिवाळखोरी नाही. ‘लोकांचा विश्वास संपला’ हेही बहुधा त्या सहा चौकटींतूनच आलंय.

रानवारा

गणिती, सरासरीने पाऊलखुणांच्या वडिलांची गोळी पोटात जात नाही हो.

गणिती

खरंय. पण त्यांच्या वडिलांसारखे लोक मनातून पूर्ण तुटलेत असं समजून बोलायला लागलो तर आपणच अंतर वाढवू, एवढंच म्हणायचं होतं.

अनुराधा_पूर्वा

फार सुंदर चर्चा. फ्रान्सिस केल्सी यांचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहिते. १९६० मध्ये त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात, एफडीएत, नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि थॅलिडोमाइडची फाइल त्यांच्या टेबलावर आली. युरोपात ते औषध झोपेसाठी, गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास खपत होतं. मंजुरी ही औपचारिकता समजली जात होती. केल्सींनी सही केली नाही. माहिती अपुरी आहे म्हणाल्या. कंपनीने पुन्हा अर्ज केला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, त्यांना हटवादी ठरवलं. काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात हे वाचल्यावर त्यांनी विचारलं, मग पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो? उत्तर कोणाकडे नव्हतं. १९६१ च्या अखेरीला युरोपात ते औषध मागे घेतलं गेलं, पण त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं अपंग हातापायांनी जन्मली.

केल्सींनी काही नवीन शोधलं नव्हतं. ‘मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही’ एवढंच वर्षभर दबावाखाली म्हणत राहिल्या. तज्ज्ञ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात.

डॉक्टर_भाऊ

पाऊलखुणा, एक सुचवतो. वडिलांना पटवायला जाऊ नका. त्यांना म्हणा, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारू: ही गोळी घेतली नाही तर काय होण्याची शक्यता किती, घेतली तर त्रास काय होऊ शकतो, आणि ती लागू पडत नाहीये हे आपल्याला कसं कळणार. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. त्याचं उत्तर न देणारा डॉक्टर असेल तर वडिलांची शंका रास्त आहे, दुसरीकडे न्या.

चांदणवेल

तिसरा प्रश्न लिहून ठेवलाय.

पाऊलखुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. सायली, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

आज वडिलांना घेऊन गेलो. प्रश्न त्यांनी स्वतःच्या अक्षरात एका पाकिटाच्या मागे लिहून घेतले होते. पहिल्या दोनांची उत्तरं डॉक्टरांनी नेहमीच्या सुरात दिली. तिसऱ्याला ते थांबले. म्हणाले, "हीच गोळी तुम्हाला लागू पडेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. काहींना पडत नाही. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणा, आकडे उतरले नाहीत तर मी निवडलेली गोळी चुकली, बदलू."

बाहेर आल्यावर वडील बराच वेळ गप्प. मग मला विचारलं, "वीस वर्षांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता. आधी का नाही बोलला?" मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी एका कोऱ्या वहीत दोन रकाने आखले, आणि खाली तारीख घालून पहिला आकडा लिहिला, १५८/९६. गोळी घेतली का ते मी विचारलं नाही. पट्टीतली एक जागा रिकामी दिसतेय.

मेघमाला

दोन आठवड्यांनी आकडे इथे कळवा. उतरले तरी आणि नाही उतरले तरी.